उशिरा दिलेला निरोप

सिरोंच्याहून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र गेल्या आठवड्यात हाती आले. तो आता तेथेच शिक्षक आहे. ख्यालीखुशाली कळवून झाल्यावर अखेरीस त्याने विचारले आहे, 'सर, सुप्पांडीची चित्रे काढणारे ते चित्रकार अजून आहेत का?' नाहीत. राम वाईरकर 2003 साली निवर्तले. त्या वेळी आम्ही शाळा सोडून वृत्तपत्रात आलो होतो. पण पुढाऱ्यांच्या निधनावर स्तंभच्या स्तंभ भरणाऱ्या आमच्या लेखणीतून त्यांच्याविषयी चार ओळीही उतरल्या नाहीत. ही कसूर आम्ही कबूल करतो आणि अग्रलेखाची आजची जागा त्यांस देतो.

वाईरकर हे नाव पुष्कळांस अपरिचित वाटेल. त्यांची चित्रे तशी वाटणार नाहीत. अनंत पै यांच्या अमर चित्र कथेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. 1970 च्या सुमारास निघालेल्या 'कृष्ण' या अकराव्या अंकापासून ती माला आपल्या पुराणांकडे वळली आणि त्या अंकाची चित्रे वाईरकरांची होती. पुढे 1980 साली 'टिंकल' सुरू झाले व 1983 साली त्यात सुप्पांडी अवतरला. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठविलेल्या तामिळ लोककथांतील या भोळ्या नोकराला चेहरा दिला तो या मराठी चित्रकाराने. धन्याची आज्ञा शब्दशः पाळणे, एवढाच सुप्पांडीचा दोष. सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्या वाचकांस तो अगदीच काल्पनिक वाटू नये!

सिरोंचा म्हणजे प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचे, महाराष्ट्राच्या अगदी टोकाचे गाव. नव्वदीच्या दशकात आम्ही तेथे मराठी शिकवीत होतो. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी माडिया. मराठी फक्त फळ्यावर. एक मुलगा तर चार महिने तोंडच उघडीत नव्हता. एके दिवशी मागच्या बाकावर हशा पिकला. पाहतो तो हाच मुलगा मुखपृष्ठ फाटलेला टिंकलचा हिंदी अंक मांडीवर ठेवून, चित्रांवर बोट फिरवीत, शेजाऱ्यांस तेलुगूत गोष्ट सांगत होता. मजकूर त्याला वाचता येत नव्हता. आम्ही शिक्षकी बाण्याने अंक जप्त केला. रात्री कंदिलाच्या उजेडात तो चाळताना आमचेच हसू आवरेना, आणि मग लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अंक परत देऊन त्याला तीच गोष्ट मराठीत सांगावयास लावली. मोडकीतोडकी तीन वाक्ये तो बोलला. वर्ग मात्र नेमक्या जागी हसला. पत्र लिहिणारा विद्यार्थी तोच.

या चित्रकथांवर एक जुना आक्षेप आहे, व तो आम्हांस रास्त वाटतो. त्यांतील देव-राजे बहुधा गोरे, तर राक्षस काळे व रानटी रंगविलेले असतात. अरण्यात राहणाऱ्या मुलाने त्या पानांत स्वतःस कोठे शोधावे? वाईरकरांच्या चाहत्यांनीही हा प्रश्न टाळू नये. परंतु सुप्पांडीच्या हास्यात जात वा रंग यांची टिंगल नाही. तेथे प्रत्येक मूल नोकराच्या बाजूने हसते. हे साधणारा हात हलका असावा लागतो.

अशा हातांची नोंद आपण ठेवीत नाही, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. प्रताप मुळीक यांचेही तेच. 1986 पासून हिंदी मुलखातील मुलांनी डोक्यावर घेतलेला नागराज आरंभी या मराठी चित्रकाराने रेखाटला, हे किती मराठी घरांस ठाऊक आहे? वाईरकरांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी सुप्पांडी पुढे चालविला, म्हणून निदान ती रेषा तरी तुटली नाही. आपल्या कलासंस्था मात्र चित्रकथेला भिंतीवर जागा देताना अजून कचरतात.

विद्यार्थ्यास आम्ही काल उत्तर टाकले. सोबत त्याच्या वर्गासाठी सुप्पांडीचे काही अंक धाडले आहेत आणि ते मुलांच्या दप्तरात सापडले तर जप्त करू नकोस, असे बजावले आहे.