मोजमाप आणि प्रयोगवही

माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या प्रयोगवह्या चाळल्या, की एक गोष्ट खटकते. साऱ्या वर्गाची निरीक्षणे दशांशस्थळापर्यंत सारखी असतात. उत्तर आधीच ठाऊक असते आणि आकडे त्याला जुळतील असे मागाहून भरले जातात. अशा वहीला पूर्ण गुणही मिळतात.

घमापुरातला गवंडी भिंत सरळ आहे की नाही, हे ओळंब्याने पाहतो. तोच ओळंबा दोरीला बांधून हलकेच झुलवावा. टांगलेल्या बिंदूपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर असेल, तर एका आंदोलनास सुमारे २ सेकंद लागतात. मात्र एकच आंदोलन मोजू नये. घड्याळाची कळ दाबताना हात क्षणभर मागेपुढे होतोच. २० आंदोलने मोजून २० ने भागले, की ती चूकही २० वाट्यांत विभागली जाते. मोजणी तीनदा केल्यास ३९.८, ४०.३, ४०.१ सेकंद असे निरनिराळे आकडे येतील. ते खोडू नयेत. प्रयोग झाल्याची तीच खूण आहे. मग अंतर पाव मीटर करावे. वेळ चौथाई होईल असे वाटते, प्रत्यक्षात तो निम्मा होतो. हे नवल सूत्र पाठ करून अनुभवता येत नाही.

मध्य प्रदेशातच याची मोठी परीक्षा होऊन गेली आहे. १९७२ साली होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभारला. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. सहावी ते आठवीची मुले गटागटाने साध्या साहित्यावर प्रयोग करीत, तक्ते भरीत आणि निष्कर्षांवर वाद घालीत. लेखी परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती. प्रयोगाचीही परीक्षा होई. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. माझ्या मते ती आपली हानीच होती.

साहित्य नाही, वेळ नाही, ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. वर्ग मोठे असतात. परंतु दोरी, दगड आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ दुर्मीळ नाही. खरी अडचण गुणदानाची आहे. तीन वेगळे आकडे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात, तोवर मुले शेजाऱ्याच्या वहीतूनच मोजमाप करणार. परीक्षकाने निदान एवढे तरी विचारावे, की हे आकडे वेगळे का आले?