धातूची पारख

धातू रंगावरून ओळखता येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तांबे तांबूस, सोने पिवळे, चांदी पांढरी, एवढे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु पितळही पिवळेच दिसते. आणि कथील, जस्त, शिसे, ॲल्युमिनियम यांचे जुने तुकडे काळवंडले म्हणजे जाणता माणूसही क्षणभर घोटाळतो. अशा वेळी डोळ्यांपेक्षा तापमापकाची साक्ष अधिक मोलाची होय.

सर्व धातू सारख्या उष्णतेने सारखे तापत नाहीत. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच ॲल्युमिनियमला ०.२१, लोखंडाला ०.११, तांब्याला ०.०९ आणि शिशाला अवघी ०.०३ कॅलरी पुरते. हीच त्या त्या धातूची विशिष्ट उष्णता. शंभर ग्रॅमचा तुकडा उकळत्या पाण्यात तापवून, २५ अंशांच्या शंभर ग्रॅम पाण्यात झटकन सोडावा. भांड्याने घेतलेली उष्णता हिशेबात धरली नाही, तर ॲल्युमिनियम ते पाणी सुमारे ३८ अंशांपर्यंत नेते आणि लोखंड ३२ पर्यंत. शिसे मात्र २७ च्या पुढे फारसे जात नाही.

हा प्रयोग निदान पलूस तालुक्यात तरी केवळ फळ्यावर होऊ नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली, तेव्हाच्या औंध संस्थानातील उजाड माळावर वसविलेली किर्लोस्करवाडी आज याच तालुक्यात आहे. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची धास्ती होती. ती व्याख्यानांनी नव्हे, प्रत्यक्ष नांगरटीने गेली. अशा गावाच्या शेजारी राहणाऱ्या मुलांनी विशिष्ट उष्णतेचा तक्ता पाठ करून गुण मिळवावेत आणि तापमापक चढताना एकदाही पाहू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

मात्र प्रयोग दाखविताना त्याची उणीव झाकून ठेवणे हाही अन्यायच. सोन्याची विशिष्ट उष्णता ०.०३१, आणि शिशाचीही जवळजवळ तेवढीच! तापमापकाच्या लेखी राजा आणि रंक सारखेच. असे का व्हावे? द्यूलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१९ मध्ये दाखविले, की घन मूलद्रव्याचा अणुभार व विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार बहुधा ६ च्या आसपास येतो. सोन्याचा अणुभार १९७, शिशाचा २०७. मग उष्णतेच्या आकड्यांत अंतर कोठून पडावे? तांबे व जस्त यांचीही हीच गत. तेथे रंग उपयोगी पडतो, आणि सोन्याशिशाच्या बाबतीत वजन. सोने पाण्याच्या १९ पट जड, तर शिसे ११ पट. शेजारच्या खानापूर तालुक्यातून सोनेचांदी गाळण्यासाठी देशभर पांगलेल्या गलाई कारागिरांच्या धंद्यात तर एवढ्यानेही भागत नाही; तेथे कसोटीचा दगड आणि आम्ल हवेच.

शाळेला मात्र तराजू, तापमापक, फडक्यात गुंडाळलेले एक भांडे आणि दोऱ्याला बांधलेला तुकडा एवढे पुरे. पहिल्या खेपेस आकडा बहुधा चुकेल. तुकड्याला चिकटलेले उकळते पाणी टिपावयाचे राहून गेलेले असेल, किंवा टिपताना वेळ गेल्यामुळे तुकडाच निवला असेल. मग तो पुन्हा तापवावा.