गोठ्यातलं बाळ हरवतं तेव्हा

२४ डिसेंबर, रात्रीचे साडेदहा. हेन्नूरच्या आमच्या टू बीएचकेमध्ये पाच जण गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली टॉर्च मारत होतो. दीड तासात बाळ येशूचा जन्म व्हायचा होता आणि बाळच सापडत नव्हतं!

थोडं मागचं सांगते. आम्ही मूळचे वसईचे. आमच्या तोंडी ख्रिसमसपेक्षा ‘नाताळ’ हाच शब्द, पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलेला. आणि नाताळ म्हणजे आधी गोठा. पेंढा, मातीची मेंढरं, मरिया, योसेफ आणि मधोमध रिकामी गव्हाण. तिच्यात बाळ ठेवायचं ते २४ च्या मध्यरात्रीच. आमच्याकडे हा गोठा दरवर्षी बाबा करायचे.

यंदा मार्चमध्ये बाबा गेले. आईने वसईच्या घरात एकटीने नाताळ काढू नये म्हणून ताईने तिला बंगळुरूला बोलावून घेतलं. उद्यान एक्सप्रेसमधून उतरली तेव्हा आईच्या हातात एक स्टीलचा डबा होता. तो तिने कुलीलाही दिला नाही. डब्यात बाबांच्या जुन्या लुंगीत गुंडाळलेला अख्खा गोठा होता.

मग काय, ताईने आणि मी ठरवलं की आईला काही म्हणजे काही कमी वाटू द्यायचं नाही. यादीच केली. शिवाजीनगरच्या बाजारातून कागदी चांदणी. केक शो. घरी कलकल. सेंट मेरीज बॅसिलिकात मध्यरात्रीची मिस्सा. यादीत एकच गोष्ट लिहायची राहिली: घरात सहा वर्षांचा भाचा आणि तीन वर्षांची भाची आहे.

चांदणी आली आणि संध्याकाळच्या आत फाटली. केक शोच्या दिवशी मोठ्याला ताप. केकसाठी संत्र्याच्या रसात भिजवलेले मनुके धाकटीने मूठमूठ करून संपवले. झाडावरचे सगळे गोळे तिच्या हाताला लागू नयेत म्हणून वर सरकवले, त्यामुळे झाड खालून बोडकं आणि वरून लग्नाच्या मांडवासारखं दिसायला लागलं. कलकल करायला बसलो तर काट्यावर पीठ वळायचं सोडून मोठ्याने डायनासोर केले. तळल्यावर ते आणखी फुगले.

आई हे सगळं शांतपणे बघत होती. तिची ती शांतताच आम्हाला टोचत होती. आणि त्यात २४ ला बाळ गायब.

मिस्सा बुडाली. अकरा वाजता ताई रडायलाच आली. ‘‘आई, सॉरी. बाबांची तेवढी एक वस्तू होती, तीही आम्हाला सांभाळता आली नाही.’’

आई सोफ्याला टेकून खाली बसली आणि चक्क हसायला लागली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘हिला विचार. दीड वर्षाची असताना हिनेच पळवलं होतं. तुझे बाबा रात्रभर टॉर्च घेऊन अंगणात शोधत होते. तेव्हाही मिस्सा बुडालीच. गव्हाणीत रुमालाची घडी ठेवली होती त्यांनी. सकाळी बाळ सापडलं हिच्या उशीखाली, एक हात चावून मोडलेला. तो तुकडा काही मिळाला नाही. मग बाबांनी एम-सीलचा नवीन हात केला.’’

मी बघतच राहिले. बाळाचा उजवा हात जाड आहे हे मी लहानपणापासून पाहत आले होते. मला वाटायचं, बाळांचे हात गुबगुबीतच असतात.

तेव्हा कळलं, मला आठवणारा तो सुरेख, नीटनेटका नाताळ कधी नव्हताच. मला तो तसा दिसला, कारण त्यातली धांदल मीच होते आणि आवरणारे आई-बाबा होते.

रात्री बारा वाजता मोठ्याने उरलेल्या पिठाचं एक बाळ वळलं आणि गव्हाणीत ठेवलं. आम्ही पाच जणांनी हळू आवाजात, धाकटी उठू नये म्हणून, नाताळचं गाणं म्हटलं. सकाळी त्या गोड पिठाला मुंग्या लागल्या होत्या.

तसं पाहिलं तर गोठ्याची सुरुवातच गडबडीत झाली असणार. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी जन्माचा देखावा मांडला, तो खऱ्या गवतात, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून. तिथलं शेण कुणी काढलं असेल, हा प्रश्न मला यंदा पहिल्यांदा पडला!

पुढच्या वर्षासाठी आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्यात. तुमच्याही घरी छोटी मंडळी असतील तर बघा:

• गोठे दोन. मातीचा वर, कपाटावर. मुलांचा खाली, लाकडी किंवा कापडी. त्यात डायनासोर आले तरी चालतील.

• बटन सेलवर चालणारे दिवे आणि खेळणी मुलांपासून लांबच ठेवा. ते सेल गिळले गेले तर धोका असतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

• प्रत्येक मुलाला एकच काम, पण पूर्ण त्याचं. मोठ्याला पेंढा, धाकटीला मेंढरं.

• मध्यरात्रीचा हट्ट नको. बऱ्याच चर्चमध्ये २४ च्या संध्याकाळीही मिस्सा असते आणि २५ च्या सकाळीही.

• यादीत तीनच गोष्टी लिहा. त्यातली एक होणार नाही, हे धरून चाला.

हो, बाळ सापडलं. २६ तारखेला, धाकटीच्या भातुकलीच्या कुकरमध्ये. ‘‘इथे का ठेवलंस गं?’’ ताईने विचारलं. ‘‘भात करायचा होता,’’ ती म्हणाली.

नाकाचा एक टवका उडालाय. भाऊजी लगेच एम-सील आणायला निघाले होते. आईने थांबवलं. ‘‘राहू दे. मोठी झाली की हिलाही दाखवता येईल.’’

मग ते बाळ तिने परत बाबांच्या लुंगीत गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं. डबा मात्र या वेळी वसईला नेला नाही. तो आता ताईच्या कपाटावर आहे.

तुमच्याकडे यंदा काय सांडलं, काय फुटलं, काय हरवलं? नक्की कळवा. नाताळच्या खूप खूप शुभेच्छा!