३१ ऑगस्टची सीमारेषा

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. ऑक्टोबर उजाडला की तिकडून बेसबॉलच्या वार्ता येऊ लागतात आणि त्यांतील एक गोष्ट येथील वडीलधाऱ्यांना हमखास कोड्यात टाकते. अमुक खेळाडू संघात आहे, धडधाकट आहे, उत्तम खेळतो आहे. तरीही निर्णायक सामन्यांत त्याला मैदानात उतरण्याची मुभा नाही. असे का, याचा उलगडा या वेळी करावयाचे आम्ही योजिले आहे.

मेजर लीग या तेथील सर्वोच्च स्पर्धेत ३० संघ असून प्रत्येकास मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळावे लागतात. त्यांतून, २०२२ पासूनच्या पद्धतीप्रमाणे, १२ संघ पुढील बाद फेऱ्यांसाठी निवडले जातात आणि अखेरीस वर्ल्ड सिरीज जिंकणारा संघ त्या वर्षाचा अजिंक्य ठरतो. प्रत्येक संघाची ४० जणांची एक मोठी यादी असते. त्यांपैकी प्रत्यक्ष मैदानावर उतरू शकतात ते २६. सप्टेंबरात ही संख्या २८ होते आणि बाद फेऱ्यांत पुन्हा २६ वर येते. याखेरीज प्रत्येक संघाच्या हाताखाली दुय्यम संघ असून तेथे होतकरू तरुण उमेदवारी करीत असतात.

आता मुख्य दंडक पाहू. ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री जो खेळाडू त्या संघाच्या ४० जणांच्या यादीत, किंवा दीर्घकाळ जायबंदी असलेल्यांच्या यादीत असेल, तोच बाद फेऱ्यांस पात्र. त्यानंतर दुसऱ्या संघातून आलेला खेळाडू सप्टेंबरभर खेळू शकतो. पुढे मात्र त्याने प्रेक्षक व्हावे. यामागील हेतू उघड आहे. असा बांध नसता, तर एखाद्या धनाढ्य संघाने पराभूत संघांतील मोहरे ऐन वेळी विकत घेतले असते आणि पाच महिने घाम गाळणाऱ्यांच्या हातचा घास उपऱ्यांच्या मुखी गेला असता.

या बांधाची झळ काय असते, हे पेद्रो रामोस या क्यूबन पिचरने १९६४ साली अनुभवले. पिचर म्हणजे आपल्या गोलंदाजाचा भाऊबंदच. ५ सप्टेंबर रोजी तो क्लीव्हलंडहून न्यूयॉर्क यांकीज संघात आला. उरलेल्या दिवसांत १३ सामन्यांत त्याने चेंडू टाकले आणि त्यांपैकी ८ सामन्यांत शेवटच्या घटकेस संघाची आघाडी राखली. यांकीजनी आपल्या गटाचे विजेतेपद अवघ्या एका सामन्याच्या अंतराने मिळविले; म्हणजे त्या आठांतील एखादा जरी निसटता तरी सारे डळमळले असते. परंतु तो पाच दिवस उशिरा आला होता. सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाशी झालेली वर्ल्ड सिरीज यांकीज ३-४ अशी हरले आणि रामोसला तीत एक चेंडूही टाकता आला नाही.

याच नियमाला एक खिडकीही आहे. पात्र खेळाडू जायबंदी असेल, तर त्याच्या जागी, ३१ ऑगस्टला त्याच संस्थेच्या दुय्यम संघात असलेल्या एखाद्यास घेण्याची परवानगी मागता येते. २००२ साली अनाहाइम एंजल्सनी या खिडकीतून फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ या वीस वर्षांच्या व्हेनेझुएलन पिचरला आत घेतले. मुख्य संघातून तो प्रथम खेळला तो १८ सप्टेंबरला. हंगामातील त्याचे सामने अवघे पाच आणि नावावर विजय एकही नाही. पण बाद फेऱ्यांत त्याने पाच विजय मिळविले आणि १९६१ साली स्थापन झालेल्या त्या संघाने आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली.

आठ सामने राखणारा बाहेर आणि पाचच सामने खेळलेला आत, हे सकृद्दर्शनी अन्यायाचे वाटते. तेव्हाही अनेकांनी त्यास पळवाट म्हटले. आम्हांस मात्र त्यात एक सुसंगती दिसते. ‘मुख्य संघात केव्हा आलास?’ हे नियम विचारीत नाही. ‘त्या रात्री कोणत्या घरी होतास?’ हे विचारतो. रॉड्रिगेझ १९९८ पासून एंजल्सच्याच छत्राखाली वाढला होता. घरच्या मुलाला आजाऱ्याच्या पानावर बसविणे आणि शेजारचा मल्ल पैसे मोजून आणणे, यांत भेद आहेच.

अर्थात बांध कितीही पक्का असला तरी त्याच्या अलीकडे गर्दी व्हायचीच. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस याच एंजल्सनी, आशा मावळल्यावर, खर्च वाचविण्यासाठी काही खेळाडू मोकळे केले आणि ३१ तारखेलाच क्लीव्हलंडने त्यांतील तीन पिचर उचलले. तिघेही नियमाने पात्र ठरले. परंतु क्लीव्हलंडचा संघच बाद फेऱ्यांपर्यंत पोहोचला नाही! पात्रता कागदावर मिळते, पण प्रवेश मैदानावरच मिळवावा लागतो.

तात्पर्य, सीमारेषा कोठे तरी आखावीच लागते आणि ती कोणाच्या तरी पावलांपुढे येतेच. नियम योग्य आहे, असेच आमचे मत आहे. तथापि रामोसची विक्री दोन संघांनी ठरविली होती. तारीख त्याने निवडलेली नव्हती. शिक्षा मात्र त्याला एकट्याला झाली. नियमाचे समर्थन करताना एवढे विसरू नये.