टी-शर्टवरच्या लाटा

आपल्या होस्टेलमध्ये रात्री एकपर्यंत दोनच विषयांवर भांडणं होतात. एक मेसची भाजी आणि दुसरा ‘खरा फॅन कोण?’ भाजीवर या अंकात कुणी ना कुणी लिहिलंच असेल, म्हणून मी दुसरा विषय घेतो.

आमच्या विंगमध्ये चार-पाच पोस्ट-पंकवाले आहेत. त्यात मीही आलोच. आमची चर्चा साधारण अशी चालते. एक जण म्हणतो, ‘जॉय डिव्हिजन’चा पहिला रेकॉर्ड भारी. दुसरा म्हणतो, छे, दुसराच खरा. तिसरा म्हणतो, ज्याने ‘मेटल बॉक्स’ ऐकला नाही त्याने पोस्ट-पंकचं नावच घेऊ नये. मग चौथा असं एक नाव फेकतो जे कुणीच ऐकलेलं नसतं, आणि तो जिंकतो! तासाभराच्या या चर्चेत गाण्यात नक्की काय वाजतंय याबद्दल एक वाक्यही येत नाही. माझी तक्रार ही आहे.

हे पोस्ट-पंक काय असतं ते आधी थोडक्यात सांगतो, नाहीतर सर लोक पान उलटतील. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पंकची लाट आली. वेगात वाजवायचं, तीन कॉर्ड पुरे, गाता येत नसलं तरी चालेल. १९७७ मध्ये ‘साइडबर्न्स’ नावाच्या एका हौशी पत्रिकेत तीन कॉर्डच्या आकृत्या काढून खाली सल्ला दिला होता की आता बँड काढा. लोकांनी खरंच काढले. पण वर्षभरातच काहींना वाटलं की एवढी मोकळीक मिळाली आहे तर तेच तीन कॉर्ड किती दिवस वाजवायचे? त्यांनी रेगेचा बेस घेतला, फंकचा ताल घेतला, सिंथेसायझर घेतला. हे पोस्ट-पंक. आणि त्यातले जे आर्ट स्कूलमधून आले, गाण्याकडे चित्रासारखं बघू लागले, त्यांना आर्ट-पंक म्हणतात. ‘वायर’ या बँडच्या ‘पिंक फ्लॅग’ (१९७७) या पहिल्या रेकॉर्डवर सुमारे ३५ मिनिटांत २१ गाणी आहेत. शब्द संपले की गाणं संपलं, उगाच लांबवायचं नाही. आपल्या काही प्रोजेक्ट रिपोर्टनी हा गुण घ्यायला हरकत नाही.

आता टी-शर्टकडे येऊ. काळ्या कापडावर पांढऱ्या डोंगरासारख्या रेषा असलेला टी-शर्ट कॅम्पसमध्ये रोज कुणी ना कुणी घातलेला असतो. ते जॉय डिव्हिजनच्या ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) या रेकॉर्डचं मुखपृष्ठ आहे. पण त्या रेषा कसल्या? आपण इंजिनिअर लोक, निदान हा प्रश्न तरी आपल्याला पडायला हवा! १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलीन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक अंतराने, दर १.३३७ सेकंदाला, रेडिओ स्पंदनं येताना आढळली. सापडलेला हा पहिला पल्सार. त्याची लागोपाठची स्पंदनं एकाखाली एक रचलेला आलेख हॅरॉल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या पीएच.डी. प्रबंधात आहे. तिथून तो खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात गेला, तिथे बँडला दिसला, आणि डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी तो काळ्यावर पांढरा केला. म्हणजे आपण छातीवर डेटा प्लॉट मिरवतोय! असेच पल्सार आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण बघत असते. रेकॉर्डचा निर्माता मार्टिन हॅनेट रसायनशास्त्राचा पदवीधर होता आणि त्याने डिजिटल डिले वापरून ड्रमचा आवाज रिकाम्या गोदामात वाजल्यासारखा केला. ईएनटीसीवाल्यांनी यावर रात्री एकपर्यंत वाद घातला तर मी चहा पाजीन. पण वाद होतो तो टी-शर्ट ओरिजिनल की रस्त्यावरचा यावर.

तिसरी गोष्ट पैशांची. ‘बझकॉक्स’ या मँचेस्टरच्या बँडने जानेवारी १९७७ मध्ये सुमारे ५०० पौंड उसने घेऊन स्वतःचा रेकॉर्ड स्वतःच काढला. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालं तेसुद्धा कव्हरवर छापलं. ‘स्क्रिटी पोलिटी’ने १९७८ मध्ये याच्याही पुढे जाऊन स्टुडिओ, छपाई, प्रेसिंग असा खर्चाचा हिशेबच कव्हरवर दिला. का? तर वाचणाऱ्याला कळावं की हे आपल्यालाही जमेल. त्या काळातल्या फॅनमध्ये आणि बँडमध्ये फार अंतर नव्हतं. आजचा फॅन उद्या स्टेजवर. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या एका छोट्या हॉलमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ वाजले तेव्हा समोर मोजकीच डोकी होती, पण पुढे जॉय डिव्हिजन काढणारे दोघं त्यात बसले होते.

हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध, असं म्हणाल तर आपल्याच लघुनियतकालिकांची चळवळ आठवा. १९५४ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं ते सायक्लोस्टाइल करून. साठच्या दशकात अशोक शहाणेंचं ‘असो’ आलं, राजा ढाले आले. मोठी मासिकं छापत नाहीत ना, मग आम्हीच छापतो, हा एकच हिशेब. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा लंडनमध्ये पंक अजून यायचं होतं. कोलटकरांनी तर इंग्रजीत गाणी लिहून १९७३ मध्ये ती रेकॉर्डसुद्धा केली होती. ही मंडळी आपापसांत आपल्यापेक्षा जास्त कडाडून भांडत. फरक एवढाच की त्यांच्या भांडणातून पुढचा अंक निघायचा. आपल्या भांडणातून काय निघतं? फक्त झोपायला उशीर.

आता थोडं माझ्या गावाबद्दल. मी सानगडीचा. तालुका साकोली, जिल्हा भंडारा, धानाचा मुलूख. विंगमध्ये मला ठरलेला टोमणा बसतो, “अबे, तुमच्या सानगडीत तर दंडार होते ना? तू काऊन ‘वायर’ ऐकतो?” हसण्यावारी नेता येतं, पण त्या टोमण्यात एक गृहीत आहे. चांगली आवड ही शहरात, महागड्या हेडफोनसोबत मिळते, आणि गावच्या पोराने ती उसनी आणलेली असते. मला हे मान्य नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बऱ्याच जणांना झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा कळलं. दंडार म्हणजे आमचं पंक, असलं काही मी म्हणणार नाही. दंडार ही दंडार आहे. मला सांगायचं आहे ते ऐकणाऱ्यांबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर चर्चा चालते, “का गा, कालचा ढोलकीवाला लय घाईत होता ना?” लगेच दुसरा सांगतो की घाई नव्हती, गाणाराच मागे पडला म्हणून ढोलकीने त्याला ओढून नेलं. ज्याने हे ओळखलं त्याने आधी किती दंडारी पाहिल्या हे त्याला कुणी विचारत नाही. त्याने काय ऐकलं तेवढंच विचारतात. ‘गँग ऑफ फोर’चा गिटार तुटक-तुटक का वाजतो, बेस आणि ड्रम पुढे का येतात, हे ऐकायला मला त्या पानठेल्यानेच शिकवलं. हेडफोन नंतर आले.

मग यात बिघडतं काय? मागच्या गॅदरिंगच्या सिलेक्शनचं उदाहरण घ्या. फर्स्ट इयरची तिघं पोरं स्वतः केलेलं मराठी गाणं घेऊन आली होती. एक गिटार, एक बेस, एक डफ. गाणं शेवटची एसटी चुकण्यावर. दोनच कॉर्ड, आणि शेवटी डफ एकटाच वाजत राहतो. मला ते आवडलं. शेरा मिळाला, ‘स्टँडर्ड नाही’. निवडले गेले ते गाजलेल्या गाण्यांची हुबेहूब नक्कल करणारे बँड. सिलेक्टरचं एक वेळ सोडून देऊ. पण हॉलमध्ये मागच्या रांगेत जे हसत होते, त्यांच्यातल्या दोघांच्या अंगावर त्याच पांढऱ्या रेषांचे टी-शर्ट होते! तिघांपैकी बेसवाल्याने तेव्हापासून बेस कव्हरमधून बाहेर काढलेला नाही. आपल्या ‘खरा फॅन कोण’ या खेळाची ही किंमत आहे, आणि ती आपण नाही, तो पोरगा मोजतोय.

अजून एक. ही सगळी चर्चा मुलांच्या होस्टेलमध्ये रात्री एक वाजता चालते, तेव्हा लेडीज होस्टेलचं गेट कधीच बंद झालेलं असतं. ‘द स्लिट्स’ आणि ‘द रेनकोट्स’ या १९७९ साली पहिला रेकॉर्ड काढलेल्या मुलींच्या बँडबद्दल आपण मुलंच मुलांना ज्ञान देतो. हे विनोदी आहे हो!

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, गेट बंद व्हायच्या आत, कॉमन रूममध्ये एक अख्खा रेकॉर्ड लावायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, फोन बाजूला ठेवून. मग प्रत्येकाने आपल्याला ऐकू आलेली एक गोष्ट सांगायची. नंबर लावायचे नाहीत. दोन, गॅदरिंगमध्ये वीस मिनिटं फक्त स्वतःच्या गाण्यांसाठी ठेवावीत, आणि त्यात सिलेक्शन नको, चिठ्ठ्या टाकाव्यात. तीन, ज्यांनी स्वतःचं गाणं रेकॉर्ड केलंय त्यांनी खर्चाचा हिशेब नोटीस बोर्डावर लावावा. माइक कुणाचा, सॉफ्टवेअर कुठलं, चहा किती झाला, सगळं लिहावं. सरांनी परवानगी द्यावी ही विनंती.

पहिल्या रविवारी ‘पिंक फ्लॅग’ लावू. पस्तीस मिनिटांचा आहे, मेसची वेळ चुकणार नाही. आणि एसटीवाल्या गाण्यातला तो बेसवाला हे वाचत असेल, तर येताना बेस घेऊन ये गा.