कागद आहे, पण कसला?

इतिहासावरचा कोणताही वाद रंगला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमच्याकडे कागद आहे.’ मोडीतल्या एखाद्या पानाचे छायाचित्र पुढे केले जाते आणि समोरच्याने गप्प बसावे अशी अपेक्षा असते. पण कागद बहुधा दोन्ही बाजूंकडे असतो. तो कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला, लिहिणाऱ्याला ती गोष्ट कशी कळली आणि समोर आहे ते अस्सल की नक्कल, हे विचारल्याशिवाय त्याला पुरावा म्हणता येत नाही.

शिवजन्माच्या तारखेचेच पाहा. उत्तरकालीन बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ ही मिती दीर्घकाळ मानली जात होती. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि चित्र पालटले. शकावली म्हणजे घडामोडींची वर्षवार टिपणे. तिच्यात वर्णन नाही, अलंकार नाहीत. शक, संवत्सर, महिना, तिथी आणि घटना, एवढेच. शिवजन्माची नोंद तिथे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी आहे. तिथी आणि वार यांचा मेळ गणिताने तपासता येतो आणि तो बसतो : १९ फेब्रुवारी १६३०.

तरीही एकट्या शकावलीवर निकाल देणे घाईचे ठरले असते, कारण तिच्या नोंदी सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येतात. म्हणजे ती जन्माच्या दिवशी लिहिलेली नाही. पण महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हीच मिती आहे. राजस्थानात सापडलेली जन्मकुंडलीही याच मितीला दुजोरा देते. शकावली, काव्य आणि कुंडली यांच्या जाती वेगळ्या, हेतू वेगळे, सापडण्याची ठिकाणेही वेगळी. अशा तीन स्वतंत्र साधनांचे एकमत झाले, तेव्हा त्या मितीला बळ आले. उलट, एकीवरून दुसरी उतरवलेल्या दहा बखरी एकच गोष्ट सांगत असतील, तर ती साक्ष एकाचीच. साक्षीदारांची डोकी मोजून भागत नाही, ते एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत हे पाहावे लागते.

म्हणून बखरी टाकाऊ ठरत नाहीत. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिली. राज्यकारभार आतून पाहिलेला हा माणूस. एकेका गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे नेमून कारभार एकहाती कसा होऊ दिला नाही, हे त्याच्याकडून समजून घ्यावे. तारखा मात्र त्याच्याकडून मागू नयेत. घटनेनंतर शतकाने लिहिलेली बखरसुद्धा मोलाची असते, पण ती त्या शतकाने काय आठवणीत ठेवले याची साक्ष असते.

‘समकालीन’ हा शिक्काही डोळे झाकून मानण्यासारखा नाही. शिवाजी महाराज हयात असताना ते वारल्याच्या वार्ता इंग्रजांच्या पत्रव्यवहारात एकदा नव्हे, अनेकदा आल्या. पत्रे अस्सल, तारखा बरोबर, आणि बातमी खोटी! स्वतःच्या वखारीत काय घडले हे लिहिणारा इंग्रज आणि बाजारातली अफवा कळवणारा इंग्रज एकच असला, तरी त्याच्या दोन वाक्यांचे वजन सारखे धरता येत नाही. वतनाच्या भांडणातल्या कागदांबाबत तर अधिकच सावध राहावे लागते, कारण हक्क शाबीत करण्यासाठी बनावट कागद तयार करण्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत.

इतिहासाची साधने भौतिक, लिखित आणि मौखिक अशी असतात, हे आपली शाळेतली मुले पाठ करतात आणि गुण मिळवतात. पण दोन लिखित साधने परस्परविरुद्ध बोलू लागली तर काय करायचे, हे त्यांना कोणी विचारत नाही. बखरीतली मिती आणि शकावलीतली नोंद शेजारी छापून ‘यांपैकी कोणावर विश्वास ठेवाल आणि का?’ असा प्रश्न दहावीच्या प्रश्नपत्रिकेत यायला हवा, आणि गुण त्यातल्या ‘का’ला मिळायला हवेत. मोठ्यांनीही एक पथ्य पाळावे : कागद पुढे करताना तो काय सिद्ध करतो याबरोबर काय सिद्ध करत नाही हेही सांगावे. महाराजांवरचे आपले प्रेम खरे असेल, तर त्यांच्या नावाने मांडलेला प्रत्येक पुरावा तपासून घेण्याचे कष्ट आपण घेतलेच पाहिजेत.