जुना वाडा उतरवावा कसा?

शेतकऱ्याच्या शेताविषयीं, बैलांविषयीं, बियाण्याविषयीं व कर्जाविषयीं या मासिकांत पुष्कळ लिहून येतें. तो ज्या घरांत निजतो त्या घराविषयीं मात्र क्वचितच. उकिरडा कसा भरावा हें आम्ही एकमेकांस सांगतों, पण बापजाद्यांचा वाडा कसा उतरवावा हें कोणी सांगत नाहीं. त्यामुळें जळकोट व आसपासच्या गांवांतून जुनीं घरें ज्या रीतीनें नाहींशीं होत आहेत ती रीत निव्वळ उधळपट्टीची झाली आहे, असें माझें मत आहे. तें सकारण मांडण्यापूर्वीं एक कबुली दिली पाहिजे.

आमचें वडिलोपार्जित घर पांच खणांचें माळवद होतें. सन २००४ मध्यें तें मींच पाडविलें. नोकरी महसूल खात्यांतली, रजा मोजकी, डोक्यावर बहिणीच्या लग्नाचें देणें. एका व्यापाऱ्यानें सर्व लाकूड उचलून जागा मोकळी करून देण्याचें कबूल केलें, तें मला उपकारासारखें वाटलें. दोन दिवसांत खांब, तुळया, कड्या, देवघराची चौकट, सर्व मालमोटारींत चढलें. घडीव दगड ओढ्याकांठच्या खड्ड्यांत गेला. मिळालेली रक्कम येथें सांगत नाहीं. एवढेंच सांगतों कीं तींत नव्या स्लॅबची सळईसुद्धां पुरी आली नाहीं. ज्या माणसानें नोकरीभर इतरांच्या मालमत्तेचे पंचनामे लिहिले त्यानें स्वतःच्या घराची साधी यादीहि केली नव्हती.

या गोष्टीची खरी लाज वाटली ती दोन वर्षांपूर्वीं, माझ्या आतेभावाचें शेतावरचें घर पाहिलें तेव्हां. गांवांतल्या त्यांच्या वाड्यांत दोघां भावांचा अर्धा अर्धा वाटा. धाकट्यानें आपला वाटा उतरवून शेतावर, विहिरीच्या वरच्या अंगास, चार खणांचें घर उभें केलें. जागा मुद्दाम मुरमाड निवडली. काळ्या रानांतली जमीन पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावरची भिंत तिच्याबरोबर हलते.

कामास हात घालण्यापूर्वीं त्यानें शाळेच्या वहींत वाड्याचा नकाशा काढला व प्रत्येक खांबास, तुळईस आणि कडीस डांबरानें आंकडे घातले. पूर्वेकडील पहिल्या खांबास १, त्यावरच्या तुळईस १-अ, याप्रमाणें. (ही कल्पना आपली, असें माझी भावजय सांगते; आणि तें मला खरें वाटतें.) मग माळवदाची माती फावड्यानें काढली. तिचा ढिगारा पाहून गांव हंसला. पण ती पांढरी माती, तींत कित्येक पिढ्यांची राख व शेण मुरलेलें. ती चाळून त्यानें हलक्या रानांत पसरली. जुन्या गांवठाणाची पांढरी आपले आजे गाड्या भरून शेतांत नेत, तीच ही रीत. त्यानंतर किलचण, कड्या, तुळया व शेवटीं खांब, असें वरून खालीं, चढविल्याच्या उलट क्रमानें सर्व उतरलें. खांबाच्या डोक्यावरचें कुसू मोडूं नये म्हणून शेजारच्या गांवाहून एक वृद्ध सुतार आणला होता. जेसीबी एका सकाळींत जें भुईसपाट करतें त्यास येथें तेवीस दिवस लागले. मजुरीचा आंकडा अर्थात् मोठा झाला; तो लपविण्यांत अर्थ नाहीं.

सगळें लाकूड चांगलें निघालें असेंहि नाहीं. भिंतींत गाडलेलीं तुळयांचीं टोकें ओलीनें व वाळवीनें खाल्लेलीं होतीं. तेवढीं कापून टाकावीं लागलीं, म्हणून नव्या घराचे खण फूटभर आंखूड झाले. हातोडी मारली असतां ज्या कड्यांचा बद्द आवाज आला त्या चुलीकडे गेल्या. राहिलेलें सागवान मात्र असें, कीं रंधा फिरविल्यावर आंतून मधाच्या रंगाचें निघालें. इतकीं वर्षें छपराखालीं मुरलेलें लाकूड आतां आणखी सुकून वांकडें होत नाहीं. उलट बाजारांतून आज आणलेल्या कोवळ्या सागाची चौकट पहिल्याच उन्हाळ्यांत पिळवटते, हें ज्यांनीं अलीकडे दारें बसविलीं त्यांस ठाऊक आहे.

वाड्याच्या ढेलजेचा दरवाजा आतां त्या घराचा पुढचा दरवाजा आहे. तो ठेंगणा; आंत जातांना मान लववावी लागते, आणि पाहुण्यांपैकीं निम्म्यांनीं तरी कपाळ आपटून घेतलें आहे. सोप्याचे चार खांब त्यांच्याच दगडी तळखड्यांवर ओट्यावर उभे आहेत. बळदाच्या फरश्या न्हाणींत बसविल्या आहेत, मोडकें जातें पायरी झालें आहे, आणि उरलेल्या ओबडधोबड दगडाचा बांध घातला आहे. मोटेचें एक जुनें चाक त्यानें ओट्यावर टांगलें आहे, तें मात्र मला पटलें नाहीं. घर हें घर असावें, पदार्थसंग्रहालय नव्हे. पहिल्या पावसांत न्हाणीच्या कोपऱ्यांत गळलें. तेथें दुसऱ्या वर्षीं माती काढून मेणकापड घालावें लागलें. अशा खोडी आहेत. तरी चैत्रांत भर दुपारीं मी तेथें पंख्यावांचून झोंप घेतली. माझ्या स्लॅबच्या घरांत त्याच सुमारास रात्रीं अकरा वाजेपर्यंत भिंतींतून ऊब निघत असते.

जुन्या सामानाचें नांव काढलें कीं आमच्या भागांत लगेच किल्लारीचें नांव निघतें, आणि त्याचा विचार टाळून चालणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचें विसर्जन करून लोक निजले असतां, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं तो भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आजचें धाराशीव) या जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसें गेलीं. त्यापूर्वीं भूकंपाच्या सरकारी नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. मी तेव्हां नोकरीस नवा. पंचनाम्याच्या कामावर मला तिकडे पाठविलें होतें. जें पाहिलें त्याचें वर्णन या पानांवर करीत नाहीं. त्या दिवसापासून "दगडमातीचें घर म्हणजे मरण" असें आमच्या लोकांच्या मनानें घेतलें. त्याबद्दल त्यांस दोष देणें मला तरी जमणार नाहीं.

पण मारलें कशानें, हें पाहिलें पाहिजे. त्या घरांच्या भिंती दोन ते चार फूट जाड, परंतु दोन पदरांच्या. मधें गोटे व चिखल भरलेला, आणि दोन्ही पदरांस बांधणारा आरपार दगड कोठेंच नाहीं. धक्का बसतांच आंतला पदर आंत व बाहेरचा बाहेर पडला. वर मातीचें ओझें. माळवद गळूं लागलें कीं दर वर्षीं आणखी माती टाकावयाची, जुनी काढावयाची नाहीं, अशी आपली संवय. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशें घनफूट. घनफुटास पंचेचाळीस किलो धरले तर नऊ हजार किलो वजन निजलेल्या माणसांच्या डोक्यावर. आणि याच ठिकाणीं कित्येक घरांचा लाकडी सांगाडा, भिंती कोसळल्यावरहि, खांबांवर तसाच उभा होता. मीं लिहिलेल्या पंचनाम्यांत "भिंती पूर्ण पडल्या, लाकूड शाबूत" हीं वाक्यें वारंवार आलीं. लाकडानें दगा दिला नव्हता, दगडानेंहि नव्हे. दोष बांधणीचा व वरच्या ओझ्याचा होता.

पुढें सरकारनें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं, तीं सर्वांस माहीत आहेत. तितकें माहीत नसलेलें काम म्हणजे जागच्या जागीं दुरुस्त व मजबूत केलेलीं सुमारें दोन लाख घरें. त्या कामीं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्यानें महिला मंडळांच्या स्त्रिया "संवाद सहायक" म्हणून गांवोगांव नेमल्या होत्या. सिमेंटचें प्रमाण कित्येक गवंड्यांनीं त्या बायांकडून ऐकून घेतलें. तेव्हां शिकविलेले उपाय महागडे नव्हते. छपरावरची माती कमी करा. खांब व तुळई यांच्या कोनांत तिरप्या लाकडी टेकण्या द्या. भिंतीला आरपार दगड घाला. आय. एस. १३८२८ या १९९३ च्या भारतीय मानकांत असा दगड दर दोन फूट उंचीवर व आडवा चार फुटांहून दूर नाहीं अशा अंतरानें घालावा, भिंत दीड फुटाहून जाड करूं नये आणि दारांच्या माथ्यावरून सगळ्या घराभोंवतीं एक सलग पट्टा फिरवावा, असें सांगितलें आहे.

आतेभावानें हेंच केलें. भिंत सिमेंटच्या मालांत, दीड फूट जाड, आरपार दगडांसह. दारांवरून सळईचा पट्टा. छपरावर माती एक वीत, तिच्याखालीं मेणकापड. वरच्या हिशेबानें त्याच खोलीवर आतां साडेतीन हजार किलोहि वजन येत नाहीं. जुनें सामान वापरावें, जुनी चूक वापरूं नये, एवढाच माझा आग्रह आहे. ज्यांस मूळचा वाडा जसाच्या तसा हवा, त्यांनीं तो पाहण्यापुरता ठेवावा, निजण्यास नव्हे.

आमचें लाकूड जातें कोठें, हेंहि ऐकून ठेवावें. शहरांत त्याच्या मेजा होतात. नक्षीच्या चौकटी उपाहारगृहांच्या भिंतींवर आरसे होऊन बसतात. ज्यांनीं हें सामान ओळखलें त्यांनीं त्याचें चीज केलें आहे. पुण्यास दिनकर केळकर यांनीं कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून आपल्या संग्रहालयांत तो महाल पुन्हां उभारला. कर्नाटकांत मणिपाळ येथें विजयनाथ शेणॉय या बँकेंतील नोकरानें, पाडल्या जाणाऱ्या घरांचे खांब व दारें जमवून स्वतःचें राहतें घर बांधलें, आणि मागाहून एक सबंध वारसा ग्रामच वसविलें. तो मनुष्य माझ्यासारखाच पगारी नोकर होता, ही गोष्ट मला विशेष बोंचते.

आतां अडचण. पैसा ही पहिली अडचण वाटते, पण माझ्या अनुभवांत पहिली अडचण भाऊबंदकीची आहे. वाड्याला वारस आठ, राहणारा एक, आणि तुळई दोघांच्या वाट्यावर टेकलेली. कोणाचें काय हें ठरत नाहीं, म्हणून सर्व मिळून व्यापाऱ्यास विकतात व रोकड वांटून घेतात. रोकड वांटण्यास सोपी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नांव आहे म्हणून घर आपलेंच, असें समजणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं ती करआकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेंतून २०२० पासून गांवठाणांची ड्रोननें मोजणी सुरू झाली. ज्यांस मिळकत पत्रिका मिळाली त्यांनीं ती पुढें ठेवून, घर उभें आहे तोंवरच, सामानाची यादी व वांटणी लेखी करावी. पाडल्यावर ढिगाऱ्याची वांटणी होत नाहीं, भांडण होतें. आणखी एक. पाया उकरतांना नाणीं, मूर्ति किंवा कोरीव लेख निघाला तर तो भिंतींत बसवूं नये आणि घरांतहि दडवूं नये. दहा रुपयांहून अधिक मोलाची, जमिनींत दडलेली वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें १८७८ च्या निखात निधि कायद्यानें बंधनकारक आहे.

स्लॅब मुळींच घालूं नये असें माझें म्हणणें नाहीं. मात्र २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत आमच्या गल्लींत एकानें स्लॅब टाकला आणि त्यावर मारण्यासाठीं पाण्याच्या टाक्या विकत घेतल्या. घरांतल्या बाया तेव्हां दोन घागरींसाठीं रांगेंत होत्या. माझ्या स्वतःच्या स्लॅबची सळई वीस वर्षांत गंजून खालचे पोपडे पडूं लागले आहेत, आणि त्याची दुरुस्ती गांवांत कोणास येत नाहीं. कडी कुजली तर सुतार ती एकटी बदलून देतो.

आतेभावाच्या वाड्याचा दुसरा अर्धा भाग अद्याप गांवांत उभा आहे. वडील भाऊ वारले. पुतण्या पुण्यास असतो. मागल्या महिन्यांत व्यापारी दोनदां येऊन तुळयांना हात लावून गेला, आणि सोमवारपर्यंत उत्तर मागतो आहे. पुतण्यास मीं पत्र लिहिलें आहे, व सोबत खांबांची, तुळयांची आणि कड्यांची यादी स्वतः मोजून जोडली आहे: खांब ९, तुळया ७, कड्या ६२, चौकटी ४. उत्तर अजून आलेलें नाहीं.